फसलेल्याला मी काय म्हणत होते

लोभ असल्याशिवाय माणूस फसत नाही, असं मी कित्येक वर्षं मानत आले. मनात ठेवलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण मी ते बोलून दाखवत होते. कुणाचे पैसे बुडाल्याचा विषय घरात निघो, हळदीकुंकवात निघो, माझं ठरलेलं वाक्य असायचं, "हाव सुटल्याशिवाय कोणी आपला पैसा दुसऱ्याच्या हातात देतं का?" ऐकणाऱ्या गप्प बसायच्या. त्यांना माझं म्हणणं पटलं म्हणून त्या गप्प आहेत, असा माझा समज होता.

या मताला माझ्या नोकरीचा आधार होता. मी बँकेत रोखपाल होते. बंडल मोजताना एखादी नोट बोटांना वेगळी लागली की हात आपोआप थांबायचा. त्यात माझं गाव नाते. चिंतामणराव देशमुखांचा जन्म १८९६ साली इथे झाला आणि १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. महाडहून रायगडाकडे जाताना आमच्याकडे थांबलेल्या पाहुण्याला आम्ही हे आवर्जून सांगतो. तो अभिमान मलाही होता, आणि त्यातूनच पैशाच्या बाबतीत आपण चार माणसांपेक्षा शहाण्या आहोत असं मला वाटू लागलं. थोर माणसाच्या जन्मगावात राहिल्याने कुणाला अक्कल येत नाही. एवढी साधी गोष्ट मला निवृत्तीनंतर कळली.

माझं मत अगदीच हवेतून आलेलं नव्हतं, हेही सांगायला हवं. नव्वदच्या दशकात सागाच्या लागवडीत पैसे गुंतवा, काही वर्षांत कितीतरी पट मिळवा, अशा योजनांचं पेव फुटलं होतं. लोक त्यासाठी ठेवी मोडायला काउंटरवर यायचे आणि समजावलं तर ऐकायचे नाहीत. त्यांच्यात मला मोह दिसला आणि तो होताही. चूक पुढे झाली. त्या मोजक्या माणसांवरून मी सगळ्यांसाठी नियम बनवला. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि आमच्याच जिल्ह्यातल्या हजारो कुटुंबांची बचत अडकली. त्या लोकांनी कुठल्या भुरट्याच्या हातात पैसे दिले नव्हते, बँकेत ठेवले होते. तरीही मी म्हणाले, "जास्त व्याज बघून गेले असतील." एकाही ठेवीदाराला मी विचारलं नव्हतं. फसणारे वेगळ्या मातीचे असतात आणि आपण त्यांच्यातल्या नाही, हा दिलासा मला हवा होता. तो मी दुसऱ्याच्या दुःखातून घेत होते.

माझ्या भावाचा मुलगा महाडच्या एमआयडीसीत कामाला आहे. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाड शहरात शिरलं, त्याच दिवशी तळियेत दरड कोसळली. त्या पुरात त्याची मोटारसायकल गेली. सावरतोय तोवर दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. रात्रपाळी संपवून घरी यायचं कसं, गुडघे धरलेल्या आईला दवाखान्यात मिनीडोरमध्ये कोंबून किती वेळा न्यायचं, या विचारात त्याने गाडी घ्यायचं ठरवलं. नवी परवडणारी नव्हती. २०२२ च्या पावसाळ्याआधी तो फोनवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघू लागला.

त्यातली एक वॅगनआर त्याला आवडली. किंमत बाजारभावापेक्षा थोडी कमी होती, डोळे दिपावेत अशी नव्हे. मालक म्हणाला, मी फौजी आहे, बदली झाली आहे, म्हणून विकतोय. त्याने गणवेशातला फोटो पाठवला, ओळखपत्र पाठवलं, कॅन्टीनचं कार्ड आणि गाडीचं आरसी बुक पाठवलं. बोलणं अदबीचं, फोन ठेवताना 'जय हिंद'. गाडी लष्कराच्या वाहनातून घरपोच येईल, आत्ता फक्त वाहतुकीचे पाचेक हजार भर, बाकीचे गाडी दारात बघून दे, असं सांगितलं. पैसे भरल्यावर शिक्क्याची पावतीही आली. मग वाटेतल्या तपासणीत विमा काढावा लागतोय म्हणून पैसे मागितले. मग उशीर झाला म्हणून दंड, मग गाडीबरोबर परत मिळणारी अनामत. असे साठ हजारांच्या वर गेले आणि तो नंबर बंद झाला.

मला हे वहिनीकडून कळलं, तेही उशिरा. मी भाच्याला बोलावून घेतलं. धीर द्यायला बोलावलं असं म्हणता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं, पण तसं नव्हतं. तो बसतो न बसतो तोच मी म्हणाले, "एवढा शिकलास आणि स्वस्त गाडीच्या मोहात पडलास?"

त्याने आवाज चढवला नाही. म्हणाला, "आत्या, स्वस्त होती म्हणून नाही. फौजी होता म्हणून."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या महाड तालुक्यात फौजी आंबवडे नावाचं गाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या घराघरातून माणूस सैन्यात गेला, म्हणून गावाच्या नावातच फौज आली. सुट्टीवर आलेल्या जवानाला एसटीत बसायला जागा करून द्यायची, हे या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. भाच्याला ते आम्हीच शिकवलं होतं. त्याच्या मनात भामट्याला सापडला तो आम्ही दिलेला आदर. मी मात्र वर्षानुवर्षं ज्या लोभाचं नाव घेत होते, तो त्या व्यवहारात मला शोधूनही दिसेना.

तरीही माझा हेका सुटला नाही. "पहिल्यांदा फसलास, समजू शकते. पण पुढचे का भरत गेलास?"

तो बराच वेळ जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दुसऱ्यांदा पैसे मागितले तेव्हाच शंका आली होती. पण थांबलो असतो तर फसलो हे घरात सांगावं लागलं असतं. तू काय म्हणतेस ते मला पाठ आहे, आत्या. वाटलं, थोडे आणखी भरून गाडी आली तर कुणाला काही सांगायलाच नको."

तू काय म्हणतेस ते मला पाठ आहे. त्याने हे दूषण म्हणून म्हटलं नाही, जे घडलं ते सांगितलं. लहानपणापासून माझं ते वाक्य त्याच्या कानावर पडत होतं. पहिले पाच हजार त्या भामट्याने स्वतःच्या कसबाने काढले. त्यापुढचे त्याने माझ्या धाकाच्या मदतीने काढले. भाचा शंका येऊनही पुढे गेला, कारण मागे मी उभी होते. याहून कडवट सत्य मला माझ्याबद्दल कुणी सांगितलेलं नाही.

बँकेत आयुष्य काढल्यामुळे मला आणखी एक गोष्ट कळत होती आणि ती जास्त बोचत होती. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. तिथे व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ सांगितली की ती माहिती संबंधित बँकेकडे जाते. रक्कम अजून खात्यात असेल तर रोखून धरता येते, पुढे गेली असेल तर पुढच्या बँकेला कळवलं जातं. भामटे पैसे तुकडे करून एका खात्यातून दुसऱ्यात हलवतात आणि काढून घेतात, म्हणून सगळा खेळ सुरुवातीच्या काही तासांचा. ते तास भाच्याने गप्प राहण्यात घालवले. आम्ही १९३० वर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोलिसांकडे गेलो. तोवर खाती रिकामी झाली होती. त्यातला एक रुपया परत आला नाही.

पुढच्या काळात मला हळदीकुंकवातल्या त्या गप्प बसलेल्या बायका आठवत राहिल्या. त्यांच्यातल्या कुणाचे पैसे गेले असतील, कुणाच्या मुलाचे गेले असतील. माझ्यासारखी बँकेतली बाई समोर असताना त्यांनी विचारायला हवं होतं, आणि मी त्यांचं तोंड बंद करत होते. त्यांचं गप्प बसणं मी होकार समजले, याची मला लाज वाटते.

मग मी आधी करायला हवं होतं ते केलं. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने फसवणुकीच्या पद्धतींवर एक पुस्तिका काढली होती. ती मी मिळवून वाचली. ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या भागात स्पष्ट लिहिलं आहे की अनेक भामटे दूरच्या ठाण्यावरचे लष्करातले असल्याचं सांगून विश्वास संपादन करतात. आमचे पैसे जायच्या आधीच हे छापून आलं होतं. ज्या बँकेच्या नावाने मी मिरवत होते, तिचं म्हणणं मी वाचलं नव्हतं. पुस्तिकेतल्या कितीतरी युक्त्यांचा हावेशी काही संबंधच नाही. केवायसी अडेल ही भीती, शोधून मिळालेला खोटा ग्राहक सेवा क्रमांक, मित्राच्या नावाने मागितलेली तातडीची मदत. यांत फसतात ती घाबरलेली, घाईतली, दुसऱ्यावर विश्वास ठेवणारी माणसं. म्हणजे कधी ना कधी आपण सगळेच.

गाडीची गरज होतीच. भाचा म्हणाला, आता ऑनलाइन नको, ओळखीतली बघू. पूर्वी मी लगेच मान डोलावली असती. ओळखीतून एक गाडी कळली, धुऊनपुसून चकचकीत. मालक जवळच्याच गावचा, पाणी लागलेलं नाही असं शपथेवर सांगणारा. भाच्याने सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेला गाळ होता. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीखाली पाहिलं, तिथेही तोच. महाडच्या माणसाला तो गाळ ओळखायला मेकॅनिक लागत नाही. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत धरते. असे सांगाडे लिलावात विकले जातात आणि त्यातले काही पुन्हा रस्त्यावर येतात. म्हणजे माणूस फोनवरचा आहे की शेजारच्या गावचा, यावर विसंबून चालत नाही. माझा हाही समज तिथेच संपला.

शेवटी गाडी जाहिरातीतूनच घेतली, पण रीतीने. गाडी दिवसाउजेडी डोळ्यांनी बघेपर्यंत एक रुपयाही द्यायचा नाही, मग त्याला टोकन म्हणोत की वाहतूक खर्च. आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षर न् अक्षर जुळवायचा, कारण चोरीच्या गाडीला भंगारात गेलेल्या गाडीची कागदपत्रं लावली जातात. एम-परिवहनवर नोंदणीची तारीख, विमा, कर्जाचा बोजा आणि राहिलेली चलनं बघायची. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ हातात घ्यायचा. नमुना २९ आणि ३० वर सह्या झाल्या तरी पेणच्या आरटीओत नाव बदलेपर्यंत व्यवहार पुरा झाला असं मानायचं नाही. राज्यातल्या राज्यात विकलेल्या गाडीची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यावी, असं मोटार वाहन कायदा सांगतो. विकणाऱ्यानेही हे मनावर घ्यावं. हातोहात पुढे विकल्या गेलेल्या एका गाडीच्या अपघातात, नोंदणीत ज्याचं नाव राहिलं होतं त्यालाच सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भरपाईसाठी जबाबदार धरलं. आणि आपण काही विकत असलो तर एवढं लक्षात ठेवायचं: यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही.

हे सगळं मी आता बचत गटाच्या बैठकीत सांगते. पूर्वी जिला जिला ते वाक्य ऐकवलं होतं, त्यांच्यातल्या आठवतील तेवढ्यांना भेटून चुकले म्हणून सांगितलं. काहींनी त्यानंतर स्वतःचं दडवलेलं सांगितलं. ते ऐकताना माझी एकच धडपड असते, मध्ये तोंड न घालण्याची. जुनी सवय अजून जिभेवर येते.

तुमच्या घरातलं कोणी पैसे गेले म्हणून येऊन बसलं, तर कसे गेले, का दिलेस, हे तेव्हा विचारू नका. किती वाजता गेले, एवढंच विचारा आणि त्याच्यासमोर १९३० लावा. चूक कोणाची होती हे ठरवायला पुढे वेळ आहे. पैसा अडवायला नसतो.