आईच्या नाकाची सोनोग्राफी

आईच्या नाकावर, चमकीच्या थोडं वर शेंड्याकडे, मसुराएवढा काळा ठिपका होता. चेहरा पुसताना त्याची खपली निघायची, थेंबभर रक्त यायचं, परत खपली धरायची. सगळे त्याला चामखीळ म्हणत. कुणी घोड्याचा केस बांधायला सांगितलं, कुणी चुना-सोडा लावायला. आईनं त्यातलं काही केलं नाही, हे फार बरं झालं. त्वचेच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि निदान आलं : बेसल सेल कार्सिनोमा. गोऱ्या कातडीवर हा कर्करोग बहुधा गुलाबी, चकाकता दिसतो. आपल्याकडे तो बऱ्याचदा काळा असतो आणि तीळ समजून राहून जातो.

हा कर्करोग शरीरात दुसरीकडे पसरणं अगदी दुर्मीळ. पण आहे तिथं तो खोल पोखरत जातो, नाकावर कूर्चेपर्यंतही. म्हणून सर्जननी आधी सोनोग्राफी करून आणायला सांगितलं. "माझं पोट ठीक आहे हो डॉक्टर," आई म्हणाली. आपल्या मनात सोनोग्राफी म्हणजे बाळंतपण, नाहीतर मूतखडा. नाकाची सोनोग्राफी मीही कधी ऐकली नव्हती.

पोटासाठी साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी वापरतात. इथला प्रोब २२ मेगाहर्ट्झचा होता. लहरींची वारंवारता वाढली की त्या खोल जात नाहीत, पण वरच्या काही मिलिमीटरमधलं बारीकसारीक स्पष्ट दिसतं, आणि त्वचेला तेवढंच हवं असतं. डॉक्टर बाईंनी नाकावर जेलचा जाड थर दिला आणि प्रोब त्यावर जवळजवळ तरंगत ठेवला. दाबलं तर गाठ चपटी होते, बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि माप चुकतं, असं त्यांनी सांगितलं. "आजी, आता बोलायचं नाही हं. ओठ हलले की चित्र हलतं."

मला पडद्यावर नुसता करडा गोंधळ दिसत होता. बाई बोटानं दाखवत गेल्या, तेव्हा उमगलं : वरची उजळ रेघ म्हणजे त्वचेचा पृष्ठभाग, खालचा उजळ पट्टा म्हणजे अंतस्त्वचा, आणि त्यात काळपट, लांबट गोल गाठ, मध्ये पांढरे बारीक ठिपके. हे ठिपके या प्रकारच्या कर्करोगात बऱ्याचदा आढळतात म्हणे. गाठीखाली कूर्चेची गडद पट्टी सलग होती, कुठं तुटलेली नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी प्रोब गालाच्या बाजूला सरकवला. वरून कातडी अगदी निरोगी होती, आणि खाली गाठीची कड त्या बाजूला दोनेक मिलिमीटर सरकलेली होती. डोळ्यांना हे कधीच दिसलं नसतं.

सर्जननी ते चित्र समोर ठेवूनच शाईनं खुणा केल्या. गालाच्या बाजूची रेघ बाहेर घेतली, कूर्चेला हात लावायचा नाही असं ठरवलं, आणि जखम गालाच्या कातडीनं कशी झाकायची हे आईला शस्त्रक्रियेच्या आधीच कागदावर काढून दाखवलं. चमकीचं भोक वाचेल का, हा तिचा पहिला प्रश्न होता. त्याचंही उत्तर त्यांच्यापाशी तयार होतं : वाचेल.

सोनोग्राफी म्हणजे शेवटचा शब्द मात्र नव्हे. कर्करोग आहे की नाही हे बायॉप्सीच सांगते. गाठीभोवतीची सूजही पडद्यावर काळपटच दिसते, त्यामुळे खोली थोडी जास्त मोजली जाऊ शकते. आईच्या बाबतीतही पॅथॉलॉजीच्या अहवालात खोली किंचित कमी निघाली. पण त्याच अहवालात सगळ्या कडा स्वच्छ असल्याचं लिहिलं होतं, गालाकडचीसुद्धा.

ही सोय सगळीकडे नाही. असा प्रोब आणि तो वाचणारी नजर दोन्ही लागतात. तरी चेहऱ्यावरचा एखादा डाग भरत नसेल, पुन्हा पुन्हा रक्त येत असेल, तर चुना-सोडा न लावता त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. आणि कापायची वेळ आलीच, तर तो किती खोल आहे हे आधी बघता येईल का, एवढं सर्जनना जरूर विचारा.