आठ, दहा, नऊ

बंगळुरूच्या ऑफिस-टॉवरांत एका मजल्याच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत साधारण चार मीटर असतात. आम्ही शक्य तिथे 4050 मिलिमीटर धरतो, कारण त्यात 150 च्या बरोबर 27 पायऱ्या बसतात. या सत्तावीस पायऱ्या मधे कुठे तोडायच्या, या एका प्रश्नाभोवती माझं निम्मं काम फिरत आलं आहे. माझं उत्तर ठरलेलं होतं. यंदा ऑफिसात नव्याने आलेल्या एका मुलीने ते हलवलं.

मी बोलतोय तो फायर-स्टेअर नव्हे. तो कोअरमध्ये, जाड भिंतींत, जड दारामागेच हवा. 23 फेब्रुवारी 2010 ला जुन्या विमानतळ रस्त्यावरच्या कार्लटन टॉवर्समध्ये आग लागली, धुराने इमारत भरली, नऊ माणसं गेली. काहींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. इमारत काही गगनचुंबी नव्हती, जेमतेम सात मजल्यांची. सुटकेच्या जिन्यात काचा घाला, दारं उघडी ठेवा, असं कोणी सुचवलं की ती बैठक माझ्यापुरती संपते. पण त्या बंद डब्यातून रोज कुणी आनंदाने चालणार नाही, हेही तितकंच खरं. रोजच्या जाण्यायेण्याला दुसरा, उघडा जिना लागतो, आणि तो घरमालकाला, भाडेकरूला, अग्निशमन खात्याला, सगळ्यांनाच नको असतो.

टॉमस ॲलन या एमआयटीच्या प्राध्यापकांनी संशोधन-संस्थांतल्या इंजिनिअरांचं आपसातलं बोलणं मोजून 1977 मध्ये पुस्तक लिहिलं. टेबलांतलं अंतर वाढतं तसं बोलणं झपाट्याने घटतं आणि पन्नास मीटरच्या आसपास जवळजवळ थांबतं. माझा अनुभव असा, की मधे स्लॅब आला तर चार मीटरही पुरतात. लिफ्टचं गणित वर्षानुवर्षं सकाळच्या गर्दीवर मांडलं गेलं: पाच मिनिटांत इमारतीतली 12 ते 15 टक्के माणसं वर पोचली पाहिजेत. इथली खरी परीक्षा मात्र दुपारी एकला असते, सगळे एकदम जेवायला निघतात तेव्हा. त्या गर्दीत एका मजल्यासाठी लिफ्ट अडवायचा लोकांना संकोच वाटतो. मग ते वरच्या माणसाला मेसेज टाकतात, आणि महिनोन्‌महिने एकमेकांचं तोंड पाहत नाहीत.

आता मूळ अडचण. उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण 1500 वर असतो. ऑफिसचं फॉल्स सीलिंग 2800 वर, आणि त्याच्यावर डक्ट, केबल ट्रे, स्प्रिंकलरचे पाइप, बीम, स्लॅब असा सव्वा मीटरचा थर. चढताना आठव्या पायरीवर डोळा 2700 ला येतो. खालचा मजला अजून पूर्ण दिसतो. नवव्या पायरीला तो सीलिंगच्या वर जातो. सतराव्या पायरीला बरोबर वरच्या फरशीच्या पातळीत येतो. म्हणजे नऊ ते सतरा या पायऱ्यांवर माणूस खालचाही नसतो आणि वरचाही. समोर फक्त स्लॅबची रंगवलेली कड. मी तिला आंधळा पट्टा म्हणतो. आणि आपण सगळे सवयीने लँडिंग टाकतो कुठे? मधोमध, तेराव्या-चौदाव्या पायरीवर. माणूस थांबतो, वळतो, दम घेतो, तो नेमका तिथे, जिथून काहीच दिसत नाही.

म्हणून मी एकाऐवजी दोन लँडिंग केली. आठ पायऱ्या, मग दहा, मग नऊ. पहिल्या लँडिंगवरून खालचा अख्खा मजला दिसतो. दुसरं अठराव्या पायरीवर, डोळा 4200 ला, वरच्या फरशीच्या फक्त 150 वर. तिथून प्रथम दिसतात ती खुर्च्यांची चाकं आणि लोकांचे बूट. कोण जागेवर आहे हे बुटांवरून कळतं, आणि ते कळलं की उरलेल्या नऊ पायऱ्या कुणी मोजत नाही. त्यासाठी काचेचं रेलिंग स्लॅबच्या बाजूला बोल्ट करायचं, डोक्यावर नाही. तळाशी चार इंचांची पट्टी आली की ते बूट गेले.

हे झालं सेक्शनमधलं. प्रत्यक्षात या टॉवरांचे स्लॅब बहुतेक पोस्ट-टेन्शन्ड. आत ताणलेल्या केबली. भाडेकरू तीन मजले घेतो आणि सहा महिन्यांनी म्हणतो, मधे जिना हवा. तोवर उशीर झालेला असतो. केबल कुठे आहे ते स्कॅन करून, स्ट्रक्चरवाल्याची मनधरणी करून जे भोक मिळतं ते मिळेल त्या कोपऱ्यात. लीज संपली की स्लॅब होता तसा भरून द्या, ही अट वेगळीच. माझा आग्रह असतो की प्रत्येक मजल्यावर एक बे, म्हणजे खांबांमधला एक चौकोन, पहिल्यापासून केबलीशिवाय ठेवा, चहूबाजूंनी बीम द्या, आणि धूर अडवणारा पडदा व त्याभोवतीचे दाट स्प्रिंकलर यांची जागा आधीच राखा. खर्च फार वाढत नाही. तरी दहांतले आठ मालक ऐकत नाहीत, कारण त्या चौकोनाचं भाडं त्यांना दिसतं.

या शहरात एचएएल विमानतळाच्या परिसरात उंचीला सहज परवानगी मिळत नाही, त्यामुळे इथले टॉवर उंचीपेक्षा पसरटच जास्त. अशा इमारतीत मजले जोडायला न्यूयॉर्कपेक्षा अधिक वाव आहे. हाँगकाँगच्या एचएसबीसी बँकेची नॉर्मन फॉस्टरांची इमारत 1985 मध्ये पुरी झाली. तिथे लिफ्ट ठरावीक मजल्यांवरच थांबते आणि मधले मजले सरकत्या जिन्यांनी जोडलेले आहेत. चाळीस वर्षं झाली, आणि आपण अजून लॉबीत लाकडी बैठकीच्या पायऱ्या बांधतो. त्यांवर बसून फोटो निघतात, वार्षिक सभा होते. वर जायला माणसं लिफ्टकडेच वळतात. असल्या कामांना बक्षिसं मिळतात तेव्हा मला राग येतो. बन्नेरघट्टा रस्त्यावरच्या आयआयएममध्ये जाऊन पाहा म्हणावं. बाळकृष्ण दोशींच्या त्या दगडी रस्त्यांत जिना कुठे सुरू झाला हे कळायच्या आत आपण वर असतो. मी तिथे उतरत्या उन्हात तासन्‌तास बसलो आहे. दोशी मूळचे पुण्याचे, याचा अभिमान मी कधी लपवला नाही.

माझ्या कामाचाही अभिमान मी लपवत नाही. साइटवर पाहुणा आला की मी त्याला हटकून अठराव्या पायरीवर उभा करतो आणि काय दिसतं ते विचारतो. आठ-दहा-नऊ हे आकडे या शहरात माझ्या नावाने ओळखले जावेत असं मला वाटत आलं आहे. दुसऱ्या एका ऑफिसने ते उचलले तेव्हा मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही.

तर ही मुलगी. उंचीने लहान. मी तिलाही अठराव्या पायरीवर उभी केली. ती म्हणाली, “सर, मला फक्त कार्पेट दिसतंय.” मग तिने टेप काढला आणि स्वतःचा डोळा मोजला: 1400. तिच्या हिशेबाने डोळा फरशीच्या वर जेमतेम दोन इंच निघत होता. इथल्या ऑफिसांतल्या कितीतरी बायकांचा डोळा त्याच उंचीवर असणार. तिने दुसरं लँडिंग एकोणिसाव्या पायरीवर नेलं. सध्याच्या कामात सीलिंग नाही, डक्ट उघडे, त्यांचा तळ 3200 वर. म्हणून पहिलं लँडिंग तिने अकराव्यावर ढकललं. अकरा, आठ, आठ. आंधळा पट्टा आखडला, पहिली फ्लाइट मात्र लांबली. मी पेन्सिलने तीनदा तपासलं. माझ्या डोळ्यालाही चालतं, तिच्याही.

फॅब्रिकेटरकडे सेक्शन गेला आहे. त्यावर ‘डिझाइन’च्या रकान्यात तिचं नाव मीच घालायला सांगितलं, आणि प्रिंट निघाल्यावर माझं नाव वर आहे की खाली, ते आधी पाहिलं.