वाटांचा पाढा

गाव किती लांब आहे यापेक्षा तिथे पोचता येईल की नाही, याची काळजी माणसाला अधिक असते. आम्हा मालवणच्या किनाऱ्यावरच्या लोकांना तर ती पिढीजात आहे. वाट आहे म्हणता म्हणता पाणी आडवे येते.

ही काळजी चौकोनात मांडता येते, हे संगणकावर काम करणाऱ्या माझ्या भाचीने मला दाखवले. तिने कागदावर घरे आखली. डावीकडे चार नावे: मालवण, सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली, देवबाग. तीच पुन्हा माथ्यावर. थेट वाट असेल तिथे 1, नसेल तिथे 0.

"आता मामा, या कोष्टकाला त्यानेच गुणायचे." आडव्या ओळीतले आकडे उभ्या ओळीतल्या जोडीदारांशी गुणून बेरीज घ्यायची. एकदा गुणले की दोन टप्प्यांच्या वाटा मोजून मिळतात: मालवण-देवबागच्या घरात 1 आला, तारकर्लीवरून. पुन्हा गुणले, तर किल्ला-देवबागच्या घरातही 1!

केनेथ आयव्हर्सन या कॅनडाच्या गणितज्ञाने 1962 साली ग्रंथात मांडलेल्या लेखनपद्धतीतून पुढे एपीएल ही संगणकाची भाषा झाली. तिच्यात सबंध कोष्टकाला एक नाव, आणि हा सारा गुणाकार तीन चिन्हांत: अधिक, टिंब, गुणिले. अधिकाच्या जागी 'किंवा' आणि गुणिलेच्या जागी 'आणि' घातले, की 'किती वाटा' ऐवजी 'वाट आहे का' याचे उत्तर मिळते.

देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी. माझी धाकटी बहीण तिथे एकटी राहते. मी मालवण-तारकर्लीचे दोन्ही 1 खोडून 0 केले. कितीही गुणले तरी मालवण-देवबागचे घर शून्यच! मग भाचीने पाचवी ओळ वाढवली: नदीपलीकडचे भोगवे. देवबागहून होडी, पुढे परुळ्यावरून वळसा घालून मालवण. एका गुणाकारात 1 परत आला.

"पण पावसात होडीचा आकडा कोणता?" मी विचारले. तिने पावसाळ्याचे वेगळे कोष्टक केले. त्यात किल्ल्याची ओळ सगळी शून्ये, आणि देवबागची सारी भिस्त एका रस्त्यावर.

मी बहिणीला सांगितले, पावसाळ्यात आमच्याकडे राहायला ये. ती म्हणाली, "दादा, आनि माजी म्हस खयच्या चौकोनात घालतलस?"

कोष्टकात म्हशीला घर नाही. आमच्या परसात मात्र जुना गोठा आहे. तो यंदा शाकारून घेणार आहे.