रिकामी दोरी

गेल्या दिवाळीच्या सुटीत वर्गमित्राबरोबर मी प्रथमच बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील त्याच्या पाड्यावर गेलो. कुडाच्या भिंतीवर बांबूचा तीरकमठा टांगलेला होता. मित्र चटकन म्हणाला, "जुना आहे. वर्गात सांगू नकोस." त्याचे वारली आजोबा मात्र खुलले.

तरुणपणी सारा पाडा मिळून चितळ-सांबरांच्या मागावर जाई. काही जण हाका घालीत, काही वाऱ्याकडे तोंड करून दबा धरीत. तीर कुणाचाही लागो, वाटे साऱ्या पाड्याचे; एकट्या म्हातारीचाही वाटा ठरलेला. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार बंद झाली.

"वाईट वाटतं?" मी विचारले.

"हरणाचं नाही रे पोरा. ती जगू देत. आता रानात सगळे मिळून जात नाही, त्याचं वाटतं."

त्यांनी दोरी चढवून कमठा माझ्या हाती दिला. मी ती ताणून सोडणार, तोच त्यांनी माझे मनगट धरले. "तीर नसताना दोरी सोडली, तर कमठा मोडतो."

परतताना मित्र गप्प होता. स्टेशनवर म्हणाला, "वर्गात सांग, हवं तर."

म्हणून हे लिहिले.