लाल पुस्तकाचे दिवस

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या फोर्टातल्या कुठल्याही निर्यातदाराच्या कचेरीत गेलं, की टेबलावर एक जाडजूड सरकारी पुस्तक हमखास दिसायचं. आयात धोरणाचं ते पुस्तक. बाजारात त्याला ‘रेड बुक’ म्हणत. कुठला माल आणायला परवाना लागेल, कुठला मुळीच आणता येणार नाही, कुठला केवळ सरकारी महामंडळामार्फत येईल, सगळं त्यात असे. एप्रिल उजाडला की नवी प्रत कधी हाती येते, याकडे आम्हा निर्यात विभागातल्या कारकुनांचे डोळे लागलेले असत. धोरण वर्षावर्षाला बदलायचं. १९८५ साली ते पहिल्यांदा एकदम तीन वर्षांसाठी जाहीर झालं, तेव्हा व्यापाऱ्यांना हायसं वाटलं होतं.

त्या काळी हा सगळा कारभार मुख्य आयात-निर्यात नियंत्रकांकडे होता आणि त्यामागे १९४७ चा कायदा होता. परकीय चलनाची चणचण कायमचीच, त्यामुळे एकेक डॉलर राखून वापरायचा हे सरकारचं पहिलं काम. निर्यात करणाऱ्याला उत्तेजन म्हणून पाठवलेल्या मालाच्या प्रमाणात कच्चा माल आणायचा परवाना मिळे. तो दुसऱ्याला विकताही येई आणि त्यावर चांगला प्रीमियम सुटे. कितीतरी छोट्या निर्यातदारांचा खरा नफा या प्रीमियममध्येच असायचा. मालाच्या किमतीत जेमतेम खर्च निघे.

कागदांचं तर एक वेगळंच जग होतं. बिनशुल्क मालाचं शिपिंग बिल पांढऱ्या कागदावर, शुल्क लागणाऱ्याचं पिवळ्या आणि ड्रॉबॅक, म्हणजे भरलेल्या शुल्काचा परतावा, मागायचा असेल तर हिरव्या. टाइपरायटरमध्ये कार्बन घालून प्रती काढायच्या. खालच्या प्रतीवरही आकडा नीट उमटावा म्हणून बोटं जोर लावून आपटायची. सोबत रिझर्व्ह बँकेचा छापील क्रमांकाचा जीआर फॉर्म. त्याची एक प्रत कस्टममार्फत रिझर्व्ह बँकेकडे जाई, दुसरी आपल्या बँकेत द्यायची आणि मालाचे पैसे ठरलेल्या मुदतीत परदेशातून आले हे दाखवायचं. संध्याकाळी बोटं निळी झालेली असत.

तरीही त्या दिवसांची ओढ वाटते, कारण तिथे माणसं भेटत. बॅलार्ड इस्टेटच्या कस्टम हाऊसमध्ये क्लिअरिंग एजंटांची जुनी माणसं होती. मालाचा नमुना हातात घेऊन माल शुल्काच्या कुठल्या शीर्षकाखाली बसेल ते ती तोंडपाठ सांगत. हैदराबादच्या गिऱ्हाइकाला आणि हॅम्बर्गच्या गिऱ्हाइकाला पत्र वेगळं कसं लिहायचं, लेटर ऑफ क्रेडिटमधलं स्पेलिंग बिलात तसंच्या तसं का उतरवायचं, हे आम्हाला कोणत्याही वर्गात कोणी शिकवलं नाही. ज्येष्ठांच्या शेजारी बसून आम्ही ते शिकलो. नवख्याला हाताशी धरून शिकवण्याची ती रीत आता उरलेली नाही, याचं मनापासून वाईट वाटतं.

पण आठवणीच्या मायेने हिशेब बदलत नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच जगाच्या निर्यातीत भारताचा वाटा दोन टक्क्यांच्या थोडा वर होता. १९९० पर्यंत तो अर्ध्या टक्क्यावर आला. १९९०-९१ मध्ये एवढ्या मोठ्या देशाची मालाची निर्यात होती जेमतेम १८ अब्ज डॉलर. पुढच्याच वर्षी, १९९१ च्या जुलैत, रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे तारण म्हणून मुंबईहून विमानाने गेलं. राखून राखून वापरलेले डॉलर शेवटी पुरले नाहीतच.

त्याच महिन्यात रुपयाचं अवमूल्यन झालं आणि परवान्यांची गाठ सुटायला लागली. १९९२ चा विदेश व्यापार कायदा आला आणि नियंत्रकांच्या जागी विदेश व्यापार महासंचालनालय उभं राहिलं. धोरण पाच वर्षांचं झालं. २०२३ च्या धोरणाला तर शेवटची तारीखच नाही. आज आयात-निर्यात क्रमांक घरबसल्या पॅनवरून मिळतो, शिपिंग बिल संगणकावर भरलं जातं, ड्रॉबॅकची रक्कम थेट खात्यात येते. २०२४-२५ मध्ये मालाची निर्यात ४३७ अब्ज डॉलरच्या आसपास गेली, सेवांची ३८० अब्जांच्या वर. तरी मालाच्या जागतिक निर्यातीत आपला वाटा अजून दोन टक्क्यांखालीच आहे.

सरकारी खात्याने नेमकं काय करावं, याचं माझ्या मते उत्तम उदाहरण आपल्या नाशिकच्या द्राक्षांत आहे. २००३ मध्ये युरोपात कीटकनाशकाच्या अंशांवरून आपली द्राक्षं अडली. मग शेतमालाच्या निर्यातीसाठीच्या ‘अपेडा’ या केंद्र सरकारच्या संस्थेने बागांची नोंदणी, प्रयोगशाळेतली तपासणी आणि प्रमाणपत्रं एका साखळीत बांधली. पुढे द्राक्षांचा माग काढणारी ‘ग्रेपनेट’ ही संगणक प्रणाली आली. रॉटरडॅमला पोचलेली पेटी कुठल्या बागेतली, हे इथे बसून कळू लागलं. १९८५ च्या कायद्याने जन्मलेल्या या संस्थेने एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचं काम केलं.

त्याच जिल्ह्यातल्या कांद्याची गोष्ट मात्र मनाला लागते. १९७४ पासून कितीतरी वर्षं कांदा ‘नाफेड’ या सहकारी संस्थेमार्फतच देशाबाहेर जाई. ते बंधन गेलं, पण टांगती तलवार राहिली. २०१९ च्या सप्टेंबरात बंदी, २०२० च्या सप्टेंबरात पुन्हा, २०२३ च्या ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आणि डिसेंबरात परत बंदी. शहरात भाव चढले की अधिसूचना निघते, ती तेव्हापासूनच लागू होते आणि लिलावातला भाव कोसळतो. तिकडे परदेशातलं गिऱ्हाईक पाकिस्तान, चीन, इजिप्तकडे वळतं आणि दार उघडल्यावर सगळंच परत येतं असं नाही.

आम्ही रेड बुकाला कंटाळत होतो, पण पुढच्या एप्रिलपर्यंत त्यात काय आहे याचा साधारण भरवसा असे. आज पोर्टल आहे, वेग आहे. कांदा पिकवणाऱ्याला तेवढा भरवसा मात्र नाही. चाळीत कांदा भरताना पुढच्या चार महिन्यांचं धोरण त्याला ठाऊक असलं पाहिजे. शुल्क वाढवायचं असेल तर आधी सांगावं, टप्प्याने वाढवावं. ग्राहकाला दिलासा द्यायचा असेल तर साठा वेळेवर बाजारात आणावा. निर्यातीचं गिऱ्हाईक वर्षानुवर्षांच्या शब्दावर टिकतं. तो शब्द पाळता येईल असं धोरण आखणं, हे व्यापार खात्याचं आजचं पहिलं काम आहे.