वारीच्या गाडीचीं चाकें

बारामतीहून इंदापूरकडे जाणारा रस्ता आमच्या घराला नवा नाहीं. श्रीतुकाराममहाराजांची पालखी देहूहून निघते, पुणें, लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी या वाटेनें बारामतीस येते आणि तेथून काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णें, अंथुर्णें, निमगांव केतकी अशीं गांवें घेत इंदापूरला जाते. पुढें सराटीस नीरा ओलांडली कीं पुणें जिल्हा संपतो व सोलापूर जिल्हा लागतो. आमच्या घरची शिध्याची गाडी बारामतीच्या मुक्कामांत वारीला मिळते व सराटीपर्यंत सोबत करते, असा तीन पिढ्यांचा परिपाठ आहे. पालखीच्या सोहळ्याचें वर्णन आमच्याहून अधिकारी लेखण्यांनीं पुष्कळदां केलेलें आहे. तें पुन्हां करण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें त्या गाडीच्या दोन चाकांविषयीं. विषय रुक्ष वाटेल. परंतु ज्या घरांत रबरी चाकांवर चालणारें कांहींहि वाहन आहे, त्या घरांतील मंडळींनीं हा वृत्तांत शेवटपर्यंत वाचावा अशी आमची विनंति आहे.

आमच्या आजोबांच्या वेळीं ही गाडी म्हणजे दोन बैलांची छकडी होती. तिच्या लांकडी चाकांना लोखंडी धाव असे. ज्येष्ठ लागला कीं आजोबा गांवच्या लोहाराला बोलावीत; तो चाकावर हातोडी ठोकून नाद ऐके, आणि नाद बोदा आला तर धाव काढून, आगीवर तापवून, पुन्हां चढवी. तापलेली धाव पाण्यानें थंड झाली म्हणजे आकसून चाकास घट्ट आवळी. ही परीक्षा झाल्यावांचून गाडी वेशीबाहेर पडत नसे.

बैल गेले आणि त्यांच्या जागीं जीप आली. जीपच्या मागें जोडावयाची दोनचाकी ट्रॉली आम्हीं करवून घेतली. लोखंडी कमानींवर ताडपत्री, आंत दोन झोपावयाच्या फळ्या, शेगडी, पिठाडाळीचे डबे आणि दोनशें लिटरचें पाण्याचें पिंप, असा तिचा संसार आहे. घरांत तिला ‘कोठी’ म्हणतात. चालत्या कोठींत कोणींहि बसावयाचें नाहीं, हा दंडक आहे. आमच्या आत्याबाई दिवसा जीपमध्यें बसतात, मुक्कामाला पोंचल्यावर चाळीस माणसांचा स्वयंपाक करवून घेतात आणि रात्रीं कोठींत निजतात. त्यांना शहात्तरावें वर्ष लागलें आहे. गुडघे चालते होते तोंपर्यंत त्यांनीं ही वाट पायींच केली. शिवलीलामृताचा अकरावा अध्याय त्यांच्या नित्यपाठांत आहे, आणि श्रीधरकवींनीं तो ग्रंथ १७१८ सालीं कऱ्हेकांठच्या आपल्या बारामतींतच पूर्ण केला हें त्या प्रत्येक नव्या पाहुण्यास अभिमानानें सांगतात.

गाडी बदलली, परंतु हातोडी ठोकून नाद ऐकण्याची रीत मात्र बैलांबरोबरच गेली. रबरी चाकाला कसला नाद! हवा भरली, चाक फिरलें, कीं आमचें समाधान होई.

या समाधानाचें मोल २०२४ च्या वारींत द्यावें लागलें. निमगांव केतकी मागें टाकून आम्ही इंदापूरच्या वाटेला लागलों होतों. सकाळचे दहा वाजले होते. रस्त्याच्या कडेनें दिंड्या चालल्या होत्या. एकाएकीं मागें बंदूक सुटावी तसा आवाज झाला. कोठीचें डावें चाक फुटलें होतें. ट्रॉली डावीकडे ओढली गेली आणि तिच्या ओढीनें जीपचें मागचें अंग हेलकावलें. आमच्या पुतण्यानें घाबरून एकदम ब्रेक दाबला नाहीं, म्हणून अनर्थ टळला. तरी कोठी जेथें थांबली तेथून हातभर अंतरावर तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेली एक म्हातारी उभी होती. तिनें वृंदावन सावरलें, आमच्याकडे पाहिलें, आणि “माउली, सांभाळून” एवढेंच म्हणून ती पुढें गेली.

आमच्यांतील कोणालाहि खरचटलें नव्हतें. पिंप मात्र आडवें होऊन पाणी रस्त्यावर वाहत होतें. सुटें चाक लावून आम्ही इंदापूर गांठलें. त्या रात्रीं आत्याबाई जेवल्या नाहींत. सकाळीं त्या म्हणाल्या, “अरे, माझ्या वारीपायीं दुसऱ्या कोणाची वारी संपायची होती. या चाकांचं काय झालं तें मला समजलं पाहिजे. तें समजेपर्यंत कोठीहि निघायची नाहीं आणि मीहि येणार नाहीं.” आत्याबाईंचा शब्द आमच्या घरांत मोडला जात नाहीं.

आम्हांस कोडें हें पडलें होतें कीं टायर नव्यासारखा दिसत होता. कोठी वर्षांतून आठदहा दिवस चालते. उरलेले दिवस ती गोठ्याशेजारीं उभी असते. त्यामुळें टायरवरची नक्षी बोटाच्या पेरांत रुतेल इतकी खोल होती. हें कोडें बारामतींतील एका टायरवाल्यानें सोडविलें. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर या भागांत ऊस उभा राहिला, उसामागून माळेगांव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखाने आले, आणि कारखान्यांबरोबर उसाच्या ट्रॉल्या आल्या. ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या चाकांचे रोग येथील टायरवाल्यांइतके क्वचितच कोणास ठाऊक असतील. आमचे काका नक्षीवर बोट ठेवून वाद घालूं लागले तेव्हां तो शांतपणें म्हणाला, “काका, नक्षी काय बघताय? जन्मतारीख बघा.”

टायरच्या कुशीवर एका लांबट चौकटींत चार आंकडे असतात. पहिले दोन वर्षांतला आठवडा सांगतात व शेवटचे दोन वर्ष. आमच्या टायरवर ‘२२१२’ असें होतें. म्हणजे तो २०१२ सालच्या बाविसाव्या आठवड्यांत तयार झालेला, बारा वर्षांचा म्हातारा होता. टायरवाल्यानें कुशीवरची धूळ पुसली, तों केसासारख्या बारीक भेगांचें जाळें दिसूं लागलें. रबर हें न वापरतांहि झिजतें. ऊन, उष्णता व हवेंतील प्राणवायु यांनीं तें आंतून कडक होतें. शिवाय गाडी महिनोन्महिने एकाच जागीं उभी राहिली कीं सारा भार टायरच्या एकाच भागावर पडतो. टायरला पांच वर्षें झालीं कीं दरवर्षीं त्याची तपासणी करावी, आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीहि शिल्लक असली तरी तो बदलावा, असें कित्येक उत्पादकच सांगतात. आमच्या आजोबांच्या लोहाराला जें कानानें कळे, तें आम्हांस या चार आंकड्यांत वाचावयाचें होतें. परंतु बारा वर्षांत आम्हीं तें एकदांहि वाचलें नाहीं.

कोणता टायर घ्यावा हें ठरविण्यापूर्वीं त्यानें आम्हांस वजनकाट्यावर पाठविलें. वारीला निघतांना भरतों तशी, पाण्याच्या पिंपासकट, कोठी भरून आम्ही गेलों. जीपला जोडलेल्या ट्रॉलीचीं दोन्ही चाकें काट्यावर घेतलीं तेव्हां १,२४० किलो भरले. मग एकटें डावें चाक काट्यावर घेतलें, तों ७०० किलो! म्हणजे उजव्यावर अवघे ५४०. पाण्याचें पिंप आणि गॅसची टाकी दोन्ही डावीकडे असल्याचा हा परिणाम होता. इतकीं वर्षें तें डावें चाक आपल्या भावाहून दीडशेंवर किलो अधिक भार निमूटपणें वाहत होतें, आणि शेवटीं फुटलें तेंच. आम्हीं पिंप मधोमध, आंसाच्या वर आणलें. तेवढ्यानें दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या झाल्या. या सुधारणेला एक पैहि पडली नाहीं.

आतां काकांची काटकसर आडवी आली. काका प्रामाणिकपणें काटकसरी आहेत. घरांतील चार मुलांचीं शिक्षणें त्याच काटकसरीवर झालीं. त्यांची पहिली सूचना रबर चढविलेले जुने टायर घेण्याची होती. मालमोटारींना असे टायर नीट पारखून लाविले जातात हें खरें. परंतु वरचें रबर नवें असलें तरी आंतला सांगाडा जुनाच राहतो, आणि आमचें दुखणें तर वयाचेंच होतें. दुसरी सूचना मोटारीचे नवे टायर घेण्याची होती. चौदा इंची रिमवर ते बसत होते आणि स्वस्तहि होते. तेव्हां टायरवाल्यानें दोन टायर शेजारीं ठेवले. एकावर ‘१८५/७० आर १४’ व पुढें ‘८८’ असें होतें, दुसऱ्यावर ‘१८५ आर १४ सी’ व पुढें ‘१०२’. मापाच्या पुढचा हा आंकडा भारसामर्थ्याचा असतो: ८८ म्हणजे ५६० किलो आणि १०२ म्हणजे ८५०. डोळ्यांना दोन्ही जवळपास सारखे. परंतु आमच्या डाव्या चाकावरचे ७०० किलो पहिल्यावर पडले असते तर तो कोरा असूनहि पहिल्या दिवसापासून अपुराच ठरला असता. काकांनीं दोन्ही आंकडे आपल्या खिशांतल्या वहींत लिहिले, वजाबाकी केली आणि चष्मा पुसून म्हणाले, “तिसराहि याच जातीचा द्या. सुटें चाक वेगळं कशाला?” आमच्या मतें त्या दिवशींचें सर्वांत शहाणपणाचें वाक्य तें होतें.

चाकें घरीं आणून अंगणांतच बसविलीं, कारण आत्याबाईंना तें पाहावयाचें होतें. टायर चढविण्यापूर्वीं रिमचा गंज घासून काढला, हवेच्या तोंडाचे वाल्व्ह नवे घातले आणि आंसाचीं बेअरिंगें धुवून त्यांत ताजें ग्रीस भरलें. दुसऱ्या चाकाच्या पुढेंमागें दगड लावून, चाक जमिनीवर असतांनाच नट सैल केले. मग जॅक चाकाजवळ, आंसाखालीं लावला. चाक बसविल्यावर नट प्रथम हातानें फिरविले आणि नंतर एकाआड एक, समोरासमोरचे आवळले. ओळीनें आवळल्यास चाक तिरकें बसण्याचें भय असतें. हवा पहांटे, टायर थंड असतांना, दोन्ही चाकांत साठ पौंड भरली. टायरवर लिहिलेली मर्यादा पासष्टाची होती. प्रवासांत टायर तापला कीं हा आंकडा वर चढतो. तो पाहून हवा सोडूं नये. हवा कमी असली कीं टायरची कूस प्रत्येक फेऱ्याला अधिक वांकते, वांकण्यानें तापते, आणि तापलेलें रबर दगा देतें. शिवाय मागून ओढलें जाणारें चाक बसूं लागलें तरी पुढें बसलेल्या चालकाला पुष्कळदां तें कळतहि नाहीं. म्हणून या चाकांची काळजी निघण्यापूर्वींच घ्यावी लागते.

२०२५ च्या वारींत कोठी पुन्हां निघाली, आणि आत्याबाई जीपमध्यें बसल्या. काटेवाडींत परीट मंडळींनीं पालखीपुढें धोतरांच्या पायघड्या घातल्या. मेंढ्यांचें रिंगण झालें. बेलवाडीस अश्वांचें रिंगण पाहिलें. जुन्या अरुंद सडकेच्या ठिकाणीं आतां पालखीमार्गाचा रुंद रस्ता झाला आहे; त्यावर वाहनें वेगानें धांवतात, आणि म्हणूनच चाकांची जबाबदारी वाढली आहे. आम्हीं मात्र वेग बैलांना शोभेल असाच ठेवला. बारामतीपासून सुमारें पन्नास किलोमीटरांवर इंदापूर आलें, तेव्हां प्रथम नटांना पुन्हां पाना लाविला. दोन नट पाव फेरा फिरले. नवें बसविलेलें चाक थोडें चालल्यावर नट असे तपासावेच लागतात. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे जेथें पडले त्या या गांवीं आमचा मुक्काम निर्विघ्न झाला.

दर थांब्याला आत्याबाई खालीं उतरत आणि दोन्ही चाकांना आळीपाळीनें तळहाताची पाठ लावून पाहात. एक चाक दुसऱ्याहून फार तापलें तर त्याला कांहीं तरी सांगावयाचें आहे, हें टायरवाल्याचें वाक्य त्यांनीं पाठ केलें होतें. सराटीस नीरेच्या कांठीं पादुकांचें स्नान झालें. आत्याबाईंनीं शेवटचा हात लावला. “दोन्ही सारखींच कोमट आहेत,” त्या म्हणाल्या, आणि मग पैलतीराला निघालेल्या दिंड्यांकडे तोंड करून त्यांनीं हात जोडले.

घरीं परतल्यावर त्यांनीं देवघराच्या कपाटांतील जन्मटिपणांची वही मागितली. तींत आमच्या साऱ्या घराण्याच्या जन्मवेळा लिहिलेल्या आहेत. सर्वांत धाकट्या नातवाच्या नांवाखालीं त्यांच्या थरथरत्या अक्षरांत आतां एक ओळ आहे: “कोठीचीं तीन चाकें, ०८२५. सन २०३० पासून दरसाल पाहावीं. २०३५ च्या पुढें ठेवूं नयेत.”

काकांनीं तें वाचून विचारलें, “आत्या, चाकांची पत्रिका कशाला?”

“ज्यांच्यावर घराचा भार असतो, त्यांचं वय घराला ठाऊक असावं,” आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांनीं वही मिटली.