परीक्षेचे चाळीस दिवस

लहानपणी प्रभूची प्रार्थना मी फार कळकळीने म्हणत असे. पण त्या कळकळीचे कारण भक्ती हे नव्हते. आमच्या घरातल्या जुन्या मराठी शास्त्रात त्या प्रार्थनेच्या शेवटाकडे 'परीक्षा' असा शब्द आहे. देवाने आपल्याला तीत आणू नये, अशी ती विनवणी. मार्च महिना लागला, गणिताचा पेपर जवळ आला, की ती एवढीच ओळ मी डोळे घट्ट मिटून दोनदा म्हणे. एके रात्री आजीने ते ऐकले आणि ती हसली.

"अरे, ती परीक्षा शाळेतली नव्हे."

"मग कुठली?"

"ती सुरू होते तेव्हा घंटा वाजत नाही," ती म्हणाली, आणि दिवा बारीक करून निजली.

पुढे कळले, की मूळ ग्रीक शब्दाला परीक्षा आणि मोह असे दोन्ही अर्थ आहेत. जुन्या मराठी भाषांतरकारांनी एक निवडला. कॅथलिक मंडळी त्याच जागी 'मोह' म्हणतात. या एका शब्दावर मोठमोठ्यांचा खल झालेला आहे. देव माणसाला मोहात कसा नेईल, पडतो तो माणूसच, असे पोप फ्रान्सिस २०१७ च्या डिसेंबरात म्हणाले होते आणि पुढे २०२० साली इटलीतल्या चर्चने आपल्या उपासनेतले ते शब्द बदललेही. मला मात्र, पोटापाण्याने शाळामास्तर असल्यामुळे म्हणा, तो जुना 'परीक्षा' शब्दच बरा वाटतो. मोह म्हटले की दोष समोरच्या वस्तूवर टाकता येतो. परीक्षा म्हटले की उत्तर आपल्याला लिहावे लागते.

आमच्या हदगाव भागात ख्रिस्ती घरे मोजकी. आजी जालन्याकडची, मिशनच्या शाळेत शिकलेली. लेंटला ती 'उपासाचे चाळीस दिवस' म्हणे. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या रविवारच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर दिवस शेहेचाळीस भरतात. त्यांतले सहा रविवार उपासाचे नव्हेत, ते वगळले की चाळीस. हा हिशेब तिनेच मला बोटांवर शिकवला. हेच दिवस पैनगंगेकडच्या माळावर पळस फुलण्याचे, हेच बोर्डाच्या पेपरांचे, आणि बहुतेक वर्षी हेच होळीचे. होळीच्या दिवशी शेजारच्या काकूंकडून पुरणपोळीचे ताट येई, वर तुपाची धार. आजीने त्या दिवसांत गोड सोडलेले असे. ती ताट दोन्ही हातांनी घेई, काकूंना तोंडभर दुवा देई, आणि स्वतःपुरते एवढेच म्हणे, "आज नको." कारण सांगत नसे, उपासाचे नाव काढत नसे. पोळ्या आम्ही पोरे फस्त करीत असू.

एकदा मी विचारले, "आजी, पुरणपोळीत पाप आहे का गं?"

"छे! पोळीत कसले पाप? म्हणून तर तिला नको म्हणायचे. पुढे खऱ्या पापाला नको म्हणायला फार जोर लागतो, बाबा. तो जोर पोळीवर कमवून ठेवायचा."

पुढे पुष्कळ प्रवचने ऐकली, थोडी पुस्तकेही वाचली. पण लेंटविषयी याहून मोठे असे काही मला कोणी सांगितले नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी आणि तिच्याबरोबरचा पगार सोडला. पगार घेणे हे पाप खासच नव्हते. पण जे पाप नाही तेही सोडता येते हे ज्याने अंगी मुरवले, त्याच्यावर कोणाची सत्ता चालणार? नाही तर कायद्याने उपास पुष्कळ स्वस्त झाला आहे. १९६६ पासून कॅथलिकांनाही सक्तीचे उपास वर्षाकाठी दोनच उरले, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार. उपास कमी झाले. मोह कमी झाल्याचे ऐकिवात नाही.

अरण्यातली ती गोष्ट सर्वांच्या माहितीची आहे. येशू चाळीस दिवस उपाशी राहतो आणि सैतान त्याच्यापाशी येतो. मी ती कितीदा वाचली, पण एक गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. सैतान त्याला एकदाही 'पाप कर' असे म्हणत नाही. भुकेल्याला म्हणतो, धोंड्याची भाकरी कर. यात वाईट ते काय? मंदिराच्या शिखरावर नेऊन म्हणतो, उडी टाक, देवदूत झेलतील. आणि आधाराला शास्त्रवचन काढून दाखवतो! सारी राज्ये पुढे ठेवतो तेव्हा अटही एकाच नमस्काराची. शेवटी हरून निघून जातो खरा. पण लूक मोठा सावध लेखक. तो लिहून ठेवतो, की सैतान गेला तो पुढची संधी येईपर्यंतच.

आता मला एक कबुली दिली पाहिजे. चाळीस दिवस हे कबुलीचेच असतात. दिवाळीत ती देणे थोडे अवेळी होईल, पण वाचकांनी चालवून घ्यावे.

१९९६ च्या मार्चमध्ये मी मॅट्रिकला बसलो. दहावी म्हणायला हवे, पण आमच्या घरी ती मॅट्रिकच. बीजगणिताच्या पेपराला दोन उदाहरणे मला काही केल्या सुटेनात. तेवढ्यात खिडकीतून कोणी तरी कोणासाठी तरी टाकलेली एक चिठ्ठी माझ्या बाकावर येऊन पडली. मी ती उघडली. नेमकी तीच दोन उदाहरणे होती. मी उतरवून घेतली. त्या दिवशी माझा उपास होता, हे सांगायला आजही लाज वाटते. पोटात अन्न नव्हते आणि मुठीत चिठ्ठी होती. जूनमध्ये गणितात काठावर पास झालो. वडिलांनी पेढे वाटले. मॅट्रिकच्या त्या कागदावर चित्रकलेची पदविका मिळाली, पदविकेवर नोकरी, नोकरीवर संसार. आणि संसारातून उरलेल्या रात्रींत कादंबऱ्या. एवढी इमारत उभी आहे ती त्या बोटभर कागदावर. पुढे शिकावेसे मला पुष्कळदा वाटले. पण परीक्षेचा अर्ज भरायला बसलो की हात थबके.

चित्रकला हा बोर्डाच्या पेपराचा विषय नव्हे. तेव्हा चित्रकलेच्या मास्तरावर पर्यवेक्षणाचे काम हमखास येते. २०२५ च्या मार्चमध्ये तालुक्यातल्या एका गावच्या केंद्रावर माझी नेमणूक झाली. दहा तारखेला, सोमवारी, विज्ञानाचा पेपर. त्या दिवशी आमलकी एकादशी होती, रमजान सुरू होता आणि लेंट तर होताच. पेपरापूर्वी शिपायाने चहाचे तीन कप आणून आमच्या पुढ्यात ठेवले. एका सरांचा रोजा, दुसऱ्यांची एकादशी, आणि मी त्या वर्षी चहा सोडलेला. एकादशीवाले सर म्हणाले, "मला तसा चहा चालतो, पण तुम्हां दोघांदेखत कसा घेऊ?" तिन्ही कप निवून गेले. शिपाई बिचारा आमच्याकडे पाहतच राहिला.

हे सारे हसतखेळत चालले होते, तेवढ्यात मला फाटकापाशी कोणी बोलावल्याचा निरोप आला. पाहतो तो ओळखीचा माणूस. मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी म्हणून राबणारा. एका पावसाळी रात्री माझी शेवटची एस.टी. चुकली, तेव्हा याने मला घरी नेऊन भाकरी घातली होती, आपले अंथरूण दिले होते. त्या रात्रीचे त्याचे बोलणे मी माझ्या एका कादंबरीत जसेच्या तसे उचलले आहे, आणि त्याची त्याला गंधवार्ताही नाही. तेव्हा माझ्यावर ऋण होते ते दुहेरी.

"सर, लेकरू तुमच्याच खोलीत हाय. बाकी समदं येतंय त्याला, इज्ञानात तेवढं कच्चं हाय. तुम्ही फकस्त अर्धा तास खिडकीकडं बघा. तुमचं काय जातंय?"

मी गप्प होतो.

"धा पास झालं तर आयटीआयला घालतो. मागं दोन पोरी हायत, सर." आणि मग अगदी साधेपणाने म्हणाला, "तुमच्या देवाला दया आवडती म्हणत्यात ना?"

माझ्या अंगावर काटा आला. शास्त्रवचन काढून दाखवणारा माझ्यापुढे उभा होता. पण तो सैतान नव्हता, लेकराचा बाप होता. त्याचा एकही शब्द खोटा नव्हता. भुकेल्यासाठी धोंड्याची भाकरीच तो मागत होता. आणि असल्याच एका चिठ्ठीवर माझी भाकरी आजवर चालली होती! मला नाही म्हणण्याचा अधिकार तरी कोणता? पुष्कळ बोलायचे होते. तोंडातून निघाले ते आजीचे दोन शब्द. "आज नको." त्या जागी त्यांना काही अर्थसुद्धा नव्हता. आज नको, मग काय उद्या? तो माझ्याकडे पाहत राहिला. मी आत वळलो.

पेपर सुरू होऊन तासाभराने त्या मुलाने कंपासपेटीच्या तळातून चिठ्ठी काढली. ती उलगडण्याआधी मी बाकापाशी जाऊन उभा राहिलो आणि हात पुढे केला. त्याने ती मुकाट्याने दिली. नियमाप्रमाणे मी ती केंद्रसंचालकांकडे द्यायला हवी होती. मग त्या मुलाची सारी परीक्षाच धोक्यात आली असती. मी ती खिशात टाकली. म्हणजे एक मोह आवरला आणि त्याच्याहून लहान असा दुसरा पत्करला. की ती दयाच होती? मला अजून ठरवता आलेले नाही. मुलगा उरलेला वेळ मान खाली घालून बसला होता.

वीस एप्रिलला आम्ही नांदेडला उपासनेला गेलो, पुनरुत्थानाची गीते म्हटली. दुसऱ्याच दिवशी पोप फ्रान्सिस वारल्याची बातमी आली, आणि त्या एका शब्दासाठी झटलेला म्हातारा मनात घोळत राहिला. तेरा मे रोजी दहावीचा निकाल लागला. राज्याचा ९४.१० टक्के. उरलेल्या सहा टक्क्यांत तो मुलगा होता. विज्ञानात गेला.

मोह जिंकल्याचा आनंद कसा असतो, हे पुस्तकांत वाचले होते. मला त्यातला कणभरही मिळाला नाही. माझा उपास, आणि उपाशी तो! दुसऱ्याच्या गुणांवर आपण सद्गुणी होणे फार सोपे, हे मला त्या रात्री उमगले. चार दिवसांनी धीर करून मी त्याच्या घरी गेलो आणि बापलेकांपुढे १९९६ सालची चिठ्ठी कबूल केली. बायकोलाही ती तोवर सांगितली नव्हती. बाप बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, त्या टायमाला तुम्हांला कोणी धरलं असतं तर?"

"तर नापास झालो असतो. पुन्हा बसलो असतो."

"आन् पुन्हा बसायला तुम्हांला शिकवलं कोणी असतं?"

त्याने हे रागाने विचारले नव्हते. पण आजीने सांगितलेली ती बिनघंटेची परीक्षा कोणती, ते मला त्या ओसरीवर कळले. वर्गात मी 'नको' म्हणालो तो पेपराचा फक्त पहिला प्रश्न होता. मी तेवढाच सोडवून उत्तरपत्रिका देऊन मोकळा झालो होतो.

पुरवणी परीक्षा चोवीस जूनपासून होती. दुसऱ्या दिवशी मुलगा वही घेऊन माझ्याकडे आला. विज्ञान मला शिकवता येत नाही. पण आकृत्या काढता येतात, आणि त्या पुस्तकात आकृत्या थोड्या नाहीत. भिंगातून जाणारे किरण, ते वळतात कुठे, भेटतात कुठे, हे मी त्याला फळ्यावर काढून दाखवी, आणि ते तसे का होते हे पुस्तकात पाहून तो मला समजावून सांगे. मॅट्रिकला जे मी पाठ करून विसरलो होतो ते पंचेचाळिशीच्या घरात पहिल्यांदा कळले. चहा मी पुन्हा सुरू केला होता. आम्ही दोघे मिळून तो घेत असू.

पुरवणीत त्याचे काय झाले, असे वाचक विचारतील. कादंबरीकाराला अशा ठिकाणी लिहिण्याचा फार मोठा मोह होतो. पण तो पास झाला असे लिहिले तर कोणी म्हणेल, बघा, उडी टाकली आणि देवदूतांनी झेलले! नापास झाला म्हटले, तर कोणी म्हणेल, मग नको म्हणून मिळवलेत काय? दोन्ही म्हणणी मला नकोशी आहेत. जे 'नको' निकालावर अवलंबून असते त्याला आजी 'नको' म्हणत नसे, सौदा म्हणे.

ती चिठ्ठी अजून माझ्यापाशी आहे, तशीच घडी घातलेली. आत काय लिहिले आहे ते मी पाहिलेले नाही. कधी कधी पाहावेसे वाटते. आणि मग मी स्वतःशीच म्हणतो, आज नको.